लॉगमध्ये "ट्रान्सफर यशस्वी", पण फाइल पोचलेलीच नाही: शेल स्क्रिप्टमधला बिघाड कसा शोधायचा

लक्षणं आधी पाहू. यांपैकी एक जरी ओळखीचं वाटलं, तरी पुढचं वाचा.

- लॉगच्या शेवटी "यशस्वी" लिहिलेलं आहे, पण पलीकडच्या सर्व्हरवर फाइल नाही.
- फाइल आहे, पण 0 बाइटची किंवा रोजच्यापेक्षा बरीच लहान.
- आकार ठीक दिसतो, पण झिप उघडत नाही किंवा सीएसव्हीमध्ये भलताच मजकूर निघतो.
- हाताने चालवली की स्क्रिप्ट बरोबर चालते, क्रॉनमधून (ठरलेल्या वेळी कामं आपोआप चालवणारा प्रोग्राम) चालवली की नाही.
- लहान फाइली जातात, मोठ्या अडकून बसतात.
- कालची स्क्रिप्ट अजून चालूच आहे आणि आजची तिच्यावर सुरू झाली.
- पलीकडे फाइल आहे खरी, पण परवाची.

हा बिघाड मी वेगवेगळ्या सर्व्हरांवर पुन्हापुन्हा दुरुस्त केला आहे. बहुतेक वेळा नेटवर्क निर्दोष निघतं. दोष असतो तो स्क्रिप्टने यश ठरवण्याच्या पद्धतीत. "कमांड चालली" आणि "फाइल पोचली" या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि दुसरीची खात्री फक्त पलीकडे बघूनच होते. तिथपर्यंत जाण्याआधी मात्र फुकटात होणाऱ्या तपासण्या उरकून घ्या.

"यशस्वी" ही ओळ कोण लिहितं?

स्क्रिप्ट उघडा आणि तो शब्द शोधा. ट्रान्सफरच्या कमांडखाली, कोणत्याही अटीशिवाय, नुसतं "एको" असेल तर अर्धं काम इथेच झालं. एखादी कमांड फसली तरी शेल थांबत नाही, गुपचूप पुढच्या ओळीवर जातं. म्हणजे ती ओळ एवढंच सांगते की स्क्रिप्ट तिथपर्यंत आली.

प्रत्येक कमांड संपताना एक एक्झिट कोड देते: 0 म्हणजे ठीक, 1 ते 255 म्हणजे काहीतरी बिघडलं. तो $? मध्ये मिळतो, पण फक्त पुढची कमांड चालेपर्यंत. ट्रान्सफर आणि तपासणी यांच्यामध्ये कोणी लॉगला वेळ लावण्यासाठी "डेट" घातलं असेल, तर $? मध्ये "डेट"चा कोड असतो, आणि "डेट" कधी फसत नाही. म्हणून ट्रान्सफरच्या लगेच खालच्या ओळीत कोड एका व्हेरिएबलमध्ये ठेवा आणि पुढे सगळीकडे तेच व्हेरिएबल वापरा. किंवा कमांड थेट "इफ"च्या अटीत लिहा.

स्क्रिप्टचा शेवटही पाहा. शेवटची कमांड जो कोड देते तोच पूर्ण स्क्रिप्टचा कोड होतो. शेवटी "काम संपलं" असा एको असेल तर वर काहीही होवो, शेड्यूलरला 0 च मिळणार. ठेवलेला कोड शेवटी "एक्झिट"ला द्या.

वर "सेट डॅश ई" (कमांड फसली की स्क्रिप्ट थांबवणारं सेटिंग) लिहिलं की झालं, असं बरेच जण सांगतात. त्यावर विसंबू नका. "इफ"च्या अटीत आणि && किंवा || च्या डाव्या बाजूला ते लागू होत नाही. एखादं फंक्शन "इफ"मधून बोलावलं तर त्या फंक्शनच्या आतही ते निष्प्रभ असतं. जाळं म्हणून असू द्या, पण ट्रान्सफरची कमांड स्वतंत्रपणे तपासा.

पाइप

लॉग स्क्रीनवरही दिसावा आणि फाइलमध्येही जावा म्हणून ट्रान्सफरच्या पुढे | लावून "टी" जोडलेलं असतं. पाइपलाइनचा एक्झिट कोड हा शेवटच्या कमांडचा असतो, म्हणजे "टी"चा. एससीपी (एसएसएच या सुरक्षित जोडणीवरून फाइल कॉपी करणारी कमांड) आपटलं तरी "टी"ने त्याचा एरर मेसेज नीट लिहिला, म्हणून कोड 0.

बॅशमध्ये "सेट डॅश ओ पाइपफेल" एकदा वर लिहिलं की पाइपमधली कोणतीही कमांड फसली तर पूर्ण पाइपलाइन फसलेली धरली जाते. नेमकी कोणती फसली हे "पाइपस्टेटस" या अ‍ॅरेत मिळतं, तोही लगेच वाचावा लागतो. मात्र स्क्रिप्टची पहिली ओळ बॅशची आहे ना, हे बघा. डेबियन आणि उबुंटूवर साधं "एसएच" म्हणजे डॅश नावाचं वेगळं शेल असतं. त्यात पाइपस्टेटस नाही, आणि जुन्या आवृत्त्यांत पाइपफेलही नाही.

याच जातीचा आणखी एक सापळा: फंक्शनमध्ये "लोकल" लिहून त्याच ओळीत कमांडचं उत्तर व्हेरिएबलमध्ये घेणं. तिथे $? हा "लोकल"चा असतो. आधी व्हेरिएबल जाहीर करा, पुढच्या ओळीत त्यात उत्तर घ्या.

तुमची कमांड अपयश कसं सांगते?

सर्वाधिक वेळ इथे द्या, कारण प्रत्येक साधनाची रीत वेगळी आहे.

जुनं कमांडलाइन एफटीपी सर्वांत दगाबाज. स्क्रिप्टमधून त्याला लॉगिन, पुट, बाय अशा ओळी भरवल्या जातात. तो प्रोग्राम माणसाशी संवाद साधण्यासाठी बनलेला आहे. पुट फसलं तरी "बाय" नीट झालं की तो 0 देऊन मोकळा होतो. अशा लॉगमध्ये मला हमखास दिसतो तो क्रम असा: 230 म्हणजे लॉगिन झालं, त्याखाली 550 किंवा 553 म्हणजे फाइल नाकारली, त्याखाली 221 म्हणजे निरोप, आणि त्याखाली स्क्रिप्टने आपल्या हाताने लिहिलेलं "यशस्वी".

हे आकडे 1985 सालच्या आरएफसी 959 या एफटीपीच्या मानक दस्तऐवजात ठरलेले आहेत आणि त्यांचा पहिला अंक फार कामाचा आहे. 2 ने सुरू होणारा म्हणजे झालं. 4 ने सुरू होणारा म्हणजे तात्पुरती अडचण, थोड्या वेळाने पुन्हा करून बघण्यात अर्थ आहे: 425 म्हणजे डेटा कनेक्शन उघडलं नाही, 426 म्हणजे मधेच तुटलं. 5 ने सुरू होणारा म्हणजे जसंच्या तसं पुन्हा पाठवून उपयोग नाही: 530 म्हणजे लॉगिन नाही, 550 म्हणजे फाइल सापडत नाही किंवा परवानगी नाही. काही जण लॉगमध्ये 226 शोधून समाधान मानतात. पण डिरेक्टरीची यादी मागितली तरी तिच्या शेवटी 226 येतो, त्यामुळे नुसता तो आकडा सापडणं पुरेसं नाही. शक्य असेल तर हे एफटीपी काढाच आणि त्या जागी एसएफटीपी (एसएसएचवरून चालणारं) आणा. सर्व्हर बदलता येत नसेल तर तेच काम कर्ल किंवा एलएफटीपी या कमांडलाइन साधनांनी करा. एलएफटीपीमध्ये "सीएमडी फेल-एक्झिट" हे सेटिंग चालू केलं की पहिल्या चुकीला ते थांबतं. एफटीपी ठेवावंच लागलं तर बायनरी मोड लावा. आस्की मोडमध्ये ओळींच्या शेवटची चिन्हं बदलतात आणि झिप फाइल निकामी होते.

एसएफटीपीचीही एक अट आहे. कमांड नुसत्या इनपुटमधून भरवल्या तर पुट फसल्यावरही ते पुढे जात राहतं. "डॅश बी" देऊन बॅच फाइल चालवली तरच पहिल्या फसलेल्या कमांडला ते थांबतं आणि शून्येतर कोड देतं. बॅच फाइलमध्ये एखाद्या ओळीच्या सुरुवातीला उणे चिन्ह असेल तर त्या ओळीची चूक माफ असते. "एमकेडिर"पुढे ते ठीक, कारण डिरेक्टरी आधीच असू शकते. ओळ कॉपी करताना तेच चिन्ह "पुट"पुढे गेलं की पुन्हा पहिल्यासारखंच. बॅच फाइल उघडून प्रत्येक ओळीचं पहिलं अक्षर बघा.

एससीपीचा कोड विश्वासू आहे, धोका पत्त्यात असतो. तुम्ही फाइल "डेटा"मधल्या "इन" डिरेक्टरीत पाठवता आहात आणि ती डिरेक्टरी कोणी काढून टाकली आहे. पत्त्याच्या शेवटी तिरकी रेघ नसेल, तर एससीपी "इन" याच नावाची फाइल तयार करतं आणि 0 देतं. उद्याची फाइल तिच्यावरच लिहिली जाते. शेवटी तिरकी रेघ द्या, मग डिरेक्टरी नसेल तर ते एरर देतं. एसएसएचने पलीकडे कमांड चालवत असाल तर 255 हा कोड बहुधा जोडणीच जमली नाही असं सांगतो. बाकीचे कोड पलीकडच्या कमांडचे असतात.

दोन जागांवरच्या फाइली जुळवणाऱ्या आरसिंकचे कोड सर्वांत बोलके. 23 म्हणजे काही फाइली गेल्या, काही राहिल्या. 24 म्हणजे यादी केल्यानंतर मूळ जागेवरून काही फाइली नाहीशा झाल्या. 11 म्हणजे फाइल लिहिता-वाचताना चूक, यात डिस्क भरलेली असणं आलं. 12 म्हणजे दोन टोकांमधला संवाद तुटला, आणि त्याचं खरं कारण लॉगमध्ये त्याच्या वरच्या ओळीत असतं. 30 म्हणजे वेळ संपली. लॉग किंवा तात्पुरत्या फाइलींची डिरेक्टरी पाठवताना 24 चालवून घेता येतो, पण तो निर्णय स्क्रिप्टमध्ये स्पष्ट लिहा. 24 चालतो म्हणून 23 ही सोडून देणाऱ्या स्क्रिप्ट असतात, त्या धोक्याच्या.

कर्लला वेब सर्व्हरने 404 दिला तरी त्याच्या मते काम झालं: उत्तर मागितलं, उत्तर मिळालं, कोड 0. मग सीएसव्ही नावाच्या फाइलमध्ये "पान सापडलं नाही" असं सांगणारं वेबपेज साठवलं जातं. संशय आला तर फाइलच्या पहिल्या दोन ओळी "हेड"ने बघा. सुरुवात < या कोनी कंसाने होत असेल तर हाच प्रकार. "डॅश डॅश फेल" दिलं की 400 आणि त्यापुढच्या उत्तरांवर कोड 22 मिळतो. 18 म्हणजे फाइल अर्धवट आली, 28 म्हणजे वेळ संपली. लॉग स्वच्छ ठेवायला लहान एस दिला असेल तर त्याच्या जोडीला मोठा एसही द्या, नाहीतर एररसुद्धा गप्प होतात. आणि काही सर्व्हर 200 देऊन आतल्या मजकुरात चूक कळवतात, तिथे उत्तर वाचण्याला पर्याय नाही.

डाउनलोड करणारं डब्ल्यूगेट सर्व्हरच्या एररवर 8 देतं, ते चांगलं आहे. पण मोठ्या ओ ऑप्शनने फाइलचं नाव दिलेलं असेल, तर डाउनलोड फसलं तरी त्या नावाची 0 बाइटची फाइल उरते, आणि त्या नावाची जुनी चांगली फाइल असेल तर तीही जाते.

क्रॉनमध्येच बिघडत असेल तर

क्रॉनला तुमच्या लॉगिनमधलं बहुतेक काही मिळत नाही. पाथ (कमांड शोधायच्या डिरेक्टरींची यादी) तोकडा असतो, म्हणून 127, म्हणजे कमांड सापडली नाही. एसएसएच एजंट (उघडलेली की जवळ ठेवणारा प्रोग्राम) नसतो, म्हणून पासफ्रेज असलेली की चालत नाही. क्रॉनटॅबच्या ओळीत % लिहिलं असेल तर क्रॉन ती ओळ तिथेच तोडतं. फाइलच्या नावात तारीख घालताना हे हमखास होतं, % च्या आधी उलटी तिरकी रेघ द्या. एसएसएचला "बॅचमोड येस" द्या, म्हणजे पासवर्ड विचारत ताटकळण्याऐवजी ते लगेच फसेल आणि तुम्हाला कळेल. हाताने खात्री करायची तर "एनव्ही डॅश आय"ने रिकाम्या वातावरणात स्क्रिप्ट चालवा.

जागा

दोन्ही टोकांवर "डीएफ डॅश एच" आणि "डीएफ डॅश आय" दोन्ही चालवा. दुसरी कमांड आयनोड, म्हणजे डिस्कवरच्या फाइलींच्या नोंदी, दाखवते. डिस्कवर जागा शिल्लक असून आयनोड संपले असतील, तरी नवी फाइल बनत नाही. लाखो बारीक फाइली साठलेल्या डिस्कवर हे घडतं.

फाइल पोचली का, हे पलीकडे विचारा

इथवर सगळं ठीक असेल किंवा ठीक केलं असेल, तरी हा भाग गाळू नका. एक्झिट कोड पाठवणाऱ्याची बाजू सांगतो. घेणाऱ्याच्या डिस्कवर काय आहे, हे त्याच्या डिस्कवरच बघावं लागतं.

सुरुवात मूळ फाइलपासून. ती तयार करणारा प्रोग्राम अजून लिहीत असताना तुमची स्क्रिप्ट सुरू झाली, तर अर्धी फाइल अगदी बिनचूक पाठवली जाईल आणि पुढच्या सगळ्या तपासण्याही पास होतील. फाइल बनवणाऱ्या प्रोग्रामने आधी तात्पुरत्या नावाने लिहून, पूर्ण झाल्यावर खरं नाव द्यावं. ते हातात नसेल तर थोड्या अंतराने दोनदा आकार घ्या, आणि तो बदलत असेल तर थांबा. "टेस्ट डॅश एस"ने फाइल रिकामी नाही हेही बघा.

मग पाठवताना तीच युक्ती: पलीकडे "पार्ट" असं शेपूट लावलेल्या नावाने पाठवा, तपासा, आणि मगच "एमव्ही"ने खरं नाव द्या. एकाच फाइलसिस्टीममध्ये नाव बदलणं एका झटक्यात होतं, त्यामुळे पलीकडच्या प्रोग्रामच्या हाती अर्धी फाइल कधीच लागत नाही. तात्पुरती डिरेक्टरी वेगळ्या डिस्कवर असेल तर "एमव्ही" म्हणजे पुन्हा कॉपीच, आणि हा फायदा गेला. आरसिंक हे आपणहून करतं, "इनप्लेस" ऑप्शन दिलेला नसेल तर.

नाव बदलण्याआधीच्या तपासणीत आकार सर्वांत स्वस्त, तुटलेली ट्रान्सफर त्यात लगेच सापडते. पण आकार जुळूनही आतला मजकूर बदललेला असू शकतो. महत्त्वाच्या फाइलींसाठी पाठवण्याआधी "एसएचए 256 सम" काढा, तो 64 अक्षरांचा ठसा (चेकसम) छोट्या फाइलमध्ये सोबत पाठवा आणि पलीकडे "डॅश सी" देऊन जुळवा. त्या कमांडचा एक्झिट कोडच तुमच्या स्क्रिप्टचा निकाल. जीझिपने कॉम्प्रेस केलेली फाइल असेल तर पलीकडे "जीझिप डॅश टी"ही चालवा.

पलीकडे फक्त एसएफटीपी आहे, शेल नाही, अशी परिस्थिती नेहमीची. तिथे यादी मागवून आकार जुळवा. फाइल फारच महत्त्वाची असेल तर ती परत उतरवून घ्या आणि "सीएमपी"ने मूळ फाइलशी ताडून पाहा. वेळ दुप्पट लागतो, पण खात्री पक्की. नाव बदलणं एसएफटीपीतही होतं.

अडकून बसणारी स्क्रिप्ट

फसलेल्या स्क्रिप्टपेक्षा लटकलेली वाईट, कारण ती काहीच सांगत नाही. एसएसएचला "कनेक्टटाइमआउट" द्या, आणि "सर्व्हरअलाइव्हइंटरव्हल" 15 ठेवा. उत्तर न मिळालेल्या 3 हाका हे मूळ सेटिंग आहे, म्हणजे सुमारे 45 सेकंदांत मेलेली जोडणी सोडली जाते. आरसिंकला "टाइमआउट" ऑप्शन आहे. या सगळ्यावर "टाइमआउट" नावाची कमांड लावता येते, ती वेळ संपल्यावर 124 देते. दोन प्रती एकमेकींवर चढू नयेत म्हणून स्क्रिप्ट "एफलॉक डॅश एन"खाली चालवा.

पुन्हा प्रयत्न करायचे ते मोजके आणि वाढत्या अंतराने, आणि फक्त तात्पुरत्या चुकांवर. पासवर्ड नाकारला जात असताना स्क्रिप्ट तोच पुन्हापुन्हा देत राहिली तर खातं लॉक होतं.

एक गोष्ट उरते: स्क्रिप्ट चाललीच नाही तर? सर्व्हर बंद होता, क्रॉनची ओळ कोणी काढली. अशा वेळी अपयशाचा ईमेल येणार नाही, कारण पाठवणारंच कोणी नाही. म्हणून घेणाऱ्या बाजूला एक वेगळी छोटी तपासणी ठेवा: ठरलेल्या वेळेपर्यंत, आजच्या तारखेची, रिकामी नसलेली फाइल आली का? "फाइंड"च्या "एममिन" ऑप्शनने फाइलचं वय कळतं, पण एससीपीला लहान पी किंवा आरसिंकला लहान ए दिला असेल तर फाइलवर मूळ जागेची वेळ राहते, हे धरून चला. परवाची फाइल आजची समजली जाणंही याच तपासणीत पकडलं जातं.

इथे थांबा आणि जाणकाराला बोलवा

लहान फाइली जातात आणि मोठ्या दरवेळी सुरुवातीलाच अडकतात, तर वाटेत कुठेतरी मोठी पॅकेट टाकली जात असण्याची शक्यता दाट. ते काम नेटवर्क पाहणाऱ्याचं, स्क्रिप्टमध्ये आकडे बदलत बसू नका. लांबलेली ट्रान्सफर दरवेळी ठरावीक मिनिटांनीच तुटत असेल तर फायरवॉल सांभाळणाऱ्यांना विचारा.

होस्ट की (पलीकडच्या सर्व्हरची ओळख पटवणारी की) बदलल्याचा इशारा आला तर ताबडतोब थांबा. तपासणी बंद करण्याचा ऑप्शन टाकून पुढे जाऊ नका. सर्व्हर नव्याने बसवला असेल, किंवा मधे कोणी तिसराच बसला असेल. पलीकडच्या अ‍ॅडमिनकडून, वेगळ्या मार्गाने, नवा फिंगरप्रिंट घ्या आणि जुळला तरच नोंदवा.

आकार जुळतो पण चेकसम पुन्हापुन्हा चुकतो आणि मूळ फाइल बदलत नाही, किंवा "डीमेसेज"मध्ये (कर्नलचे संदेश दाखवणारी कमांड) डिस्कचे एरर दिसतात: हार्डवेअरवाल्यांना बोलवा, आणि तोवर त्या मशीनवरची एकही मूळ फाइल पुसू नका. ट्रान्सफर झाल्यावर मूळ फाइल काढून टाकणारी ओळ स्क्रिप्टमध्ये असेल तर ती आधी बंद करा.

त्यांच्याकडे जाताना सोबत न्या: चाललेली पूर्ण कमांड, एक्झिट कोड, दोन्ही टोकांवरचा आकार आणि चेकसम, आणि एसएसएच असेल तर तीन वेळा "व्ही" देऊन घेतलेला लॉग. पासवर्ड आणि की त्यातून काढून टाका. प्रत्येक वेळेपुढे टाइमझोन लिहा, आणि दोन्ही सर्व्हरांवर एकाच क्षणी "डेट डॅश यू" चालवून घड्याळांत किती फरक आहे तेही नोंदवा. तो आकडा नसेल तर पलीकडच्या लॉगमधली नेमकी ओळ त्यांना सापडत नाही.